एकाच रात्री, सगळ्यांनी

६ जानेवारी

वहिनी,

पत्र बघून तुला आधी वाटेल की पोस्टमन घर चुकला. चुकलेला नाही. फोन मी भिंतीवर आपटला. बाबा पलीकडून अगदी शांतपणे म्हणाले, "कॉलेज तर सोडलंस, आता किल्ल्या तरी सरळ घास," आणि माझं डोकं फिरलं. बाबांना काही झालं नाही, भिंतीलाही नाही. तेव्हा आता पत्र. हे दादाला दाखवू नकोस. तो जनावरांचा डॉक्टर, माणसाच्या दुखण्याला नुसतं "हं" म्हणतो.

कुलूपवाल्याकडे काम बरं चाललंय. खोली मिळाली आहे, खाट एकच आणि माणसं दोन. मी दिवसभर दुकानात असतो तेव्हा तिच्यावर घुबड झोपतो. घुबड म्हणजे माझा भागीदार, बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. सकाळी तो आत, मी बाहेर. गादी तीच, पांघरूण तेच. गादी कधी गार होत नाही, हा थंडीतला फायदाच.

आता मुद्द्याचं. दुकानासमोर पाळणाघर आहे. भिकार कुलूप होतं त्यांचं, एक दिवस आतून अडकलं. आत पोरांचा गोंधळ आणि एक मुलगी दाराच्या फटीतून मला म्हणाली, "लवकर कर, एकाला शी झालीय." तिचं मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. आता अडीच महिने होतील, रोज संध्याकाळी पाळणाघर सुटलं की आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसतो. हातात हात. बाकी काही नाही, तू भलतं समजू नकोस.

पण वहिनी, माझी झोप उडाली आहे. अंथरुणात शिरलो की अंगाची आग सुरू. उठून बसतो, फेऱ्या घालतो. दिवसा ठीक, रात्र झाली की जीव नको होतो. तुला दादाच्या वेळी असं झालं होतं का?

तुझा,
घरातून गेलेला

—

११ जानेवारी

भावजी,

तुझ्या दादाच्या वेळी मला छान झोप यायची. अजून येते. ते बोलायला लागले की विशेष.

पत्र मी एकटीनंच वाचलं, दोनदा. शाळेच्या चड्डीतला तू आठवत होतास आणि कागदावर हा प्रेमानं पोळलेला गृहस्थ. हसू आवरेना. मुलगी मला आवडली. पहिल्याच वाक्यात जी शी म्हणते ती पुढे काही लपवायची नाही.

बाबांना मी सांगितलं की तुझा फोन बिघडलाय. ते म्हणाले, "फोनच ना?" तू काय ते समज.

एक विचारू? अंगाची आग म्हणजे आगच ना? कारण कविता करणारे लोक काहीही लिहितात आणि तू हल्ली त्यांच्यात मोडतोस. ताप आहे का, पुरळ आहे का, ते साध्या भाषेत लिही. आणि तिला झोप लागते का, हेही विचार. एकट्याचंच जागरण असेल तर प्रकरण कच्चं आहे.

इकडे तुझ्या पुतणीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत. मी तिच्या वर्गातल्या सगळ्या आयांना कळवून टाकलं. दोघींनी माझ्याशी बोलणं सोडलं, बाकीच्यांनी घरी जाऊन पोरांची डोकी विंचरली. माझं काम झालं.

वहिनी

—

१६ जानेवारी

वहिनी,

तिलाही झोप लागत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "अरे, रात्र रात्र तळमळते मी." मी तर पायऱ्यांवरून पडायचाच राहिलो. बोलताना ती मनगट चोळत होती, खाली बघत. मी म्हटलं, आता शंका नको.

तू साध्या भाषेत लिही म्हणालीस म्हणून लिहितो, पण हे फाडून टाक. पुरळ आहे. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेच्या पट्ट्याखाली, आणि जिथलं लिहू नये तिथेही. बारीक बारीक पुटकुळ्या. आग म्हणजे खरं तर खाज. आग लिहायला बरं वाटतं, खाज लिहायला कसंतरी वाटतं, म्हणून आग लिहिलं. मेडिकलवाल्याला नुसता हात दाखवला, त्यानं एक ट्यूब दिली. चार दिवस बरं वाटलं आणि मग दुपटीनं उलटलं. पाण्याचा दोष असावा, कारण घुबडही खाजवतो. त्याचं कुणावर प्रेम असेल असं वाटत नाही.

दुकानात मी हात खिशात घालून बोलतो. उस्ताद म्हणाले, "काय रे, हल्ली मोठा साहेब झालास." गिऱ्हाइकाला किल्ली देताना मी ती काउंटरवर ठेवतो, हातात देत नाही. ती मात्र माझा हात धरते तेव्हा मला तो काढून घेता येत नाही.

तुझा

—

२० जानेवारी

भावजी,

रागावू नकोस. तुझं पत्र मी ह्यांना दाखवलं. सगळं नाही, बाकी कागद दुमडून पुरळ-पुराणाचा परिच्छेद तेवढा पुढे केला. खाली त्यांनी लिहिलं आहे ते आधी वाच.

"हं. रात्री वाढणारी खाज, बोटांची बेचकी, मनगट, कंबर, आणि एका अंथरुणातले दोघंही खाजवताहेत. जनावर असतं तर मी नाव सांगितलं असतं. तू माणूस आहेस, बाबांचं मत काही का असेना. माणसाच्या डॉक्टरकडे जा, उद्याच. ती ट्यूब फेक, तसल्या ट्यूबनं वरची लाली दबते आणि आत रोग फोफावतो. दादा."

आता माझं ऐक. मी आपल्या डॉक्टरीणबाईंनाही विचारून आले, नाव न घेता. त्या म्हणाल्या, बघितल्याशिवाय सांगणार नाही, पण बहुतेक खरूज. डोळ्यांना दिसणार नाही एवढा बारीक किडा कातडीत घर करतो आणि त्याची खाज सुटते. घाणीशी संबंध नाही, दिवसातून तीनदा आंघोळ करणाऱ्यालाही होते. अंगाला अंग बराच वेळ लागलं, एका अंथरुणात झोपलं, की जाते एकाकडून दुसऱ्याकडे. नुसता नमस्कार-चमत्कार केल्यानं सहसा जात नाही. रोज संध्याकाळी तासभर हात धरून बसल्यानं जाते.

हे शेवटचं वाक्य परत वाच.

तिचं मनगट चोळणं मला आता वेगळंच वाटतंय. तिला सांग. आज सांग. ती दिवसभर दुसऱ्यांची पोरं कडेवर घेते.

वहिनी

—

२५ जानेवारी

वहिनी,

दाखवलंसच ना दादाला. तुझं पत्र मी दुकानातच उघडलं आणि "खरूज" हा शब्द बघून असा हबकलो की उस्तादांना वाटलं कुणी गेलं. मी घाणेरडा नाही. मी रोज आंघोळ करतो, थंड पाण्यानं, नळावर रांग लावून. ही काय माझी लायकी काढायची रीत झाली? बाबांचं मत दादानं घुसडलंच त्यात.

राग दोन दिवस टिकला. मग गेलो डॉक्टरकडे. बाकावर एक आजी बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "काय होतंय बाळा?" मी म्हणालो, "पाठ दुखते." आत गेल्यावर डॉक्टरांनी बोटं फाकवून बघितली आणि म्हणाले, "खरूज आहे." एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पडद्यामागे आजींनी पाय आखडून घेतलेले मला दिसले. त्यांनी आणखीही बरंच सांगितलं, पण मला तिथून कधी एकदा निघतो असं झालं होतं. कानात शिरलं एवढंच की मलम मानेपासून तळपायापर्यंत लावून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी धुवायचं.

मी मंगळवारी लावलं. घुबडाला कसंबसं सांगितलं, तो बुधवारी दिवसा लावून झोपला. आमच्यात सगळं पाळीनंच चालतं. पण खाज आहे तशीच आहे. औषधच भेसळीचं असणार.

तिला सांगितलं. समजूतदार आहे ती.

तुझा

—

३० जानेवारी

भावजी,

तिला सांगितलंस हे वाचून मला इतकं बरं वाटलं की मी तुझा बाकीचा मूर्खपणा माफ करून टाकला. काय म्हणाली ती? घरात कोण कोण आहे तिच्या? त्यांनी औषध घेतलं का? एका ओळीत आटोपलंस, म्हणजे बरीच लाजली असणार बिचारी. नीट लिही.

आता मूर्खपणा. तुझं पत्र वाचून ह्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "गोठ्यात दोन गाई, एकीला आज औषध, दुसरीला उद्या. पहिली बरी होऊन दुसरीच्याच गवतावर बसणार." मंगळवारी तू मलम लावून झोपलास कुठे? घुबडाच्या खाटेवर. बुधवारी तो झोपला कुठे? तुझ्या. किडे तुमच्यापेक्षा शहाणे, ते पाळी बघून जागा बदलतात.

दोघांनी एकाच रात्री लावायचं. घुबडाला एक रात्र सुट्टी घ्यायला लाव आणि एकानं जमिनीवर झोपायचं. चादरी, कपडे, टॉवेल त्याच दिवशी कढत पाण्यात धुवायचे, उन्हात वाळवायचे. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कोपऱ्यात, अंगाशिवाय तो किडा फार दिवस जगत नाही. आठवड्यानं पुन्हा एकदा मलम. आणि एवढं करूनही दोन-चार आठवडे खाज राहील, तेवढ्यावरून औषधाला शिव्या घालू नकोस. ज्यांना अजून खाज नाही पण तुमच्या अंगाशी संबंध आहे, त्यांनीही लावायचं. पहिल्यांदाच होते तेव्हा महिना-महिना काही कळत नाही, आणि तेवढ्यात माणूस वाटत सुटतो.

तिचं नीट लिही.

वहिनी

—

७ फेब्रुवारी

वहिनी,

मी तिला सांगितलं नव्हतं. तुला खोटं लिहिलं. डॉक्टरकडून सरळ पायऱ्यांवर गेलो होतो, सांगायचंच म्हणून. ती बसली, तिनं माझा हात घेतला, आणि मी म्हणालो, "आज थंडी आहे नाही?" रोज तसंच. रोज उद्यावर. तुझं पत्र आलं त्यात "बिचारी लाजली असणार" वाचलं आणि मला पत्रासकट जमिनीत जावंसं वाटलं.

आता ऐक काय झालं. पाळणाघरातल्या पाच-सहा पोरांना खाज सुटली. एका आईनं डॉक्टरकडे नेलं, नाव कळलं. मग बायका दारात जमल्या. त्यांनी आधी पोरांचे हात बघितले, मग तिचे. तिच्या मनगटावर होतंच. "हिच्याच हातची पोरं आहेत ही." "घरी पाणी येत नाही वाटतं हिच्या." पाळणाघराच्या बाईंनी तिला घरी बसायला सांगितलं. कामावरून काढलं म्हणाल्या नाहीत, "सध्या नको" म्हणाल्या. पण ज्या गल्लीत असं बोललं जातं तिथे तिच्या हातात पुन्हा कोण पोर देणार?

आणि मी काय केलं? दुकानातून सगळं ऐकत होतो. डोकं फिरलं. रस्ता ओलांडून गेलो आणि त्या सगळ्या आयांसमोर बाईंवर ओरडलो. "तुमचीच घरं घाण, तुमचीच पोरं घाण, हिला कशाला बोलता?" एकीच्या नवऱ्याची गचांडी धरली. उस्तादांनी मागे ओढून आणलं. मी, वहिनी. ज्याच्याकडून हे सगळं पसरलं असणार, तो मी, बाह्या मनगटापर्यंत ओढून, दुसऱ्यांना घाण म्हणत होतो.

त्या ओरडण्यानं तिचं आणखी वाईट झालं. आता गल्लीत म्हणतात, काहीतरी आहे म्हणूनच हा एवढा तडकला. जाताना तिनं मला एवढंच विचारलं, "तू इतका का चिडलास?" मी तिच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

घुबड म्हणतो, त्याच्या कारखान्याची दुसऱ्या गावी शाखा आहे, चल तिकडे. मी जाऊ का? की तुमच्याकडे येऊ? इथे तोंड दाखवायला जागा नाही.

तुझा

—

१० फेब्रुवारी

तुला खाज सुटली ह्याची मला लाज वाटली नव्हती. आज वाटते आहे, पण ती खाजेची नाही.

आलास तर दार बंद करणार नाही. जेवण वाढीन, अंथरूण घालून देईन. पण तू इकडे जेवत असशील तेव्हा ती तिकडे काय ऐकत असेल, ते घास घेताना तुझं तूच बघ.

राहिलास तर आधी तिच्या घरी जा. पाळणाघरात नंतर. उलटं केलंस तर तिला चारचौघांकडून कळेल. तिला सांगताना "माझा हेतू" वगैरे काही सुरू करू नकोस. काय झालं, कधी कळलं, कधीपासून लपवलं, एवढंच.

मग बाईंकडे जा आणि त्यांनाही हेच सांग. त्या तुला हाकलतील, ते ऐकून घे. पण एक गोष्ट पटवल्याशिवाय हलू नकोस. कुणाकडून आलं हे आता डॉक्टरलाही सांगता येणार नाही, कदाचित तुझ्याकडून, कदाचित एखाद्या पोराच्या घरून. पण सगळ्या पोरांनी, त्यांच्या घरच्यांनी, तिनं आणि तुम्ही एकाच रात्री औषध घेतलं तर जाईल. नाहीतर महिनाभर नुसते दोष फिरतील आणि खाजही. तान्ह्या बाळांचं औषध वेगळं असतं, ते डॉक्टरांकडूनच.

पत्र तुझ्या दादानं पूर्ण वाचलं ह्या वेळी. ते "हं" म्हणाले नाहीत.

वहिनी

—

२६ फेब्रुवारी

वहिनी,

उशीर झाला. काही झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तिच्या घरी गेलो. मागच्या मोरीपाशी ती मोठ्या पातेल्यात चादरी उकळत होती, म्हणजे तिला नाव कळलंच होतं. मी उभ्या उभ्या सांगितलं. बोटं दाखवली. डॉक्टरकडे कधी गेलो ते सांगितलं, आणि त्यानंतर रोज पायऱ्यांवर बसलो तेही. ती काठीनं चादर ढवळत राहिली. वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणाली, "हे मला आईकडून आलं असं मी समजत होते."

तिची आई अंथरुणाला खिळलेली आहे, हे तुला मी कधी लिहिलं नाही, कारण मी स्वतः तिला कधी नीट विचारलंच नव्हतं. तिचं सगळं ही करते. हिला वाटलं, आईच्या अंगाची नीट स्वच्छता राहिली नाही म्हणून हे झालं. म्हणून थंडीत दोन दोन वेळा ती आईला आंघोळ घालत होती. एकदा चिडून म्हणाली होती, "तुझ्यामुळे माझं काम गेलं." त्या दिवसापासून आई पांघरुणाबाहेर हातच काढत नव्हती.

"खाज मला चालली असती," ती म्हणाली. "कुणालाही होते. तू एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी आईला हे बोलले नसते."

मी विचारलं, "आईंना सांगू का मीच?" ती म्हणाली, "सांग." आत जाऊन सांगितलं. आई मुलीला हाक मारून म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं तुला, मी कुठे जाते ग आणायला?" आणि हसल्या. मायलेकी दोघी हसल्या आणि मग दोघीही रडल्या. मी भिंतीकडे तोंड करून उभा.

पाळणाघर सुटायच्या वेळी बाईंकडे गेलो. ज्याची गचांडी धरली होती तो नवराही होता. मला बघून त्यानं बाह्याच सरसावल्या. मी म्हणालो, "आधी ऐका, मग मारा." सगळं सांगितलं. एक आई पोराला घेऊन चार पावलं मागे सरकली. तो नवरा म्हणाला, "आणि आम्हाला घाण म्हणत होतास?" मी म्हणालो, "हो." तो म्हणाला, "शरम नाही?" मी म्हणालो, "आहे." त्याला पुढे काय करावं ते सुचेना. मग कोपऱ्यातली एक बाई हळूच म्हणाली की तिच्या दिराच्या पोरांना सणकून खाज होती, उन्हाळ्यात, तेव्हा तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं. बाकीच्या तिच्याकडे वळून बघायला लागल्या, पण पाळणाघराच्या बाई मध्ये पडल्या. "पुरे. कुणाकडून आलं ते राहू दे. औषध कधी लावायचं ते ठरवा."

रविवार ठरला. डॉक्टर पाळणाघरात येऊन बोलून गेले, तान्ह्यांना काय द्यायचं तेही त्यांनी सांगितलं. त्या रविवारी गल्लीतल्या प्रत्येक दोरीवर चादरी होत्या. घुबडानं कारखान्यातून सुट्टी घेतली. मालकानं कारण विचारलं तर त्यानं खरं सांगितलं. मी इतके दिवस जे सांगू शकलो नव्हतो ते घुबड सहज सांगून आला.

सोमवारी बाईंनी तिला परत बोलावलं. दोन घरांनी पोरं काढून घेतली. बाकीची आली.

पायऱ्यांवर ती बसत नाही. पाळणाघर सुटलं की सरळ घरी, आईकडे. मी थांबवत नाही. रस्त्यात दिसलो तर मान हलवते, तेवढंच. तू विचारशील म्हणून लिहितो.

काल दुसऱ्यांदा मलम लावायचा दिवस होता, आठवड्यानंतरचा. आज सकाळी मी दुकानाचं शटर उघडत होतो. समोर पाळणाघराच्या दारात आया पोरं सोडायला उभ्या होत्या, तो नवराही होता. ती एका पोराला कडेवर घेऊन बाहेर आली आणि मला बघून थांबली. मग रस्त्यापलीकडून, सगळ्यांच्या देखत, आवाज जराही खाली न आणता तिनं विचारलं,

"काल लावलंस का मलम?"

माझे कान तापले. गिऱ्हाईक शेजारी उभं होतं. पूर्वीचा मी असतो तर आत शटरमागे गेलो असतो.

"लावलं," मी म्हणालो.

"पाठीला?"

"पाठीलाही. घुबडाकडून."

कुणीतरी हसलं. ती हसली नाही. "बोटांच्या बेचक्यात?"

मी दोन्ही हात वर करून बोटं फाकवली आणि रस्त्यापलीकडे तिला दाखवली.

तिनं लांबूनच नीट बघितलं. "बरं," म्हणाली, आणि पोराला घेऊन आत गेली.

तुझा